दगडावरचा हात

कंडक्टरची बायको पीठ परत घेऊन आली तेव्हा मी गिरणीच्या चाड्यात दुसऱ्याच कुणाचे गहू ओतत होते. गल्लीत तिला सगळे कंडक्टरीण म्हणतात, आणि ती बोलतेही तशीच, पुढे सरका म्हटल्यासारखी. तिनं डबा कट्ट्यावर आदळला, झाकण काढलं आणि म्हणाली, "वास घे."

मी घेतला. खरं तर घ्यायची गरज नव्हती. तो वास कितीतरी दिवस माझ्या केसांत, कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात बसला होता. दगड बोथट झाले की गहू कापला जात नाही, नुसता रगडला जातो, आणि रगडून रगडून पीठ तापतं, करपतं.

"मळायला घेतलं तर नुसतं तुटतंय," कंडक्टरीण म्हणाली. "नवरा विचारतो, ताटात वाढलंयस काय, राख?"

"त्याला म्हणावं, एकदा स्वतः मळून बघ," मी म्हटलं, पण माझ्या बोलण्यात नेहमीचा दम नव्हता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. त्या उठून आल्या. डब्यात हात घातला, चिमूटभर पीठ नाकाशी नेलं. त्यांचं नाक असं की, चार घरं पलीकडे दूध उतू गेलं तरी त्या स्टुलावरून सांगतील.

"काही झालेलं नाही पिठाला," त्या म्हणाल्या. "तुझे गहूच जुने असतील."

कंडक्टरीण काहीच बोलली नाही, आणि मला तेच लागलं. एरवी तिनं गल्ली डोक्यावर घेतली असती. तिनं झाकण लावलं, डबा कमरेवर घेतला आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, आजारी माणसाला भेटून निघताना घरच्यांकडे बघून हलवतात तशी.

आमचं दुखणं साधं होतं. दगडांना दर थोड्या दिवसांनी टाकी लावावी लागते. म्हणजे वरचा दगड उचलून उताणा करायचा आणि छिन्नी-हातोडीनं दोन्ही दगडांच्या तोंडावर बारीक बारीक घाव घालायचे, की ते पुन्हा खरखरीत होतात. हे काम माझे सासरे स्वतः करायचे. कुणाला शिवू द्यायचे नाहीत. हिवाळ्यात ते गेले, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी टाकी लावली होती. तेव्हा आता दगडांवर होते ते त्यांचे शेवटचे घाव. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की, दगडाला कुणी हात लावायचा नाही.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणायचे. बायको सोडून सगळे. मुलगा, मी, गिऱ्हाईक, रस्त्यावरचा भाजीवाला. दादा शेतकऱ्याच्या घरातले. जमिनीची पट्टी एक आणि भाऊ दोन. वाटून घेतली असती तर दोघांचंही भागलं नसतं, म्हणून थोरल्यानं धाकट्याला म्हटलं, तू कर, मी बघतो काहीतरी. आणि ते गाव सोडून आले. आधी धान्याच्या गोदामात पोती उचलली. मग एका गिरणीत झाडलोट, मग तिथंच दळायला, आणि मग केव्हातरी ही बंद पडलेली गिरणी घेतली. घेतली तेव्हा तिचा पट्टा चार ठिकाणी शिवलेला होता आणि मोटर चालू केली की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. सासूबाई सांगतात, पहिल्या दिवशी एकच गिऱ्हाईक आलं आणि तेही पत्ता विचारायला.

गिरणीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे दादा कायम ओरडून बोलायचे. घरातही. कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्लीला ऐकू जाईल अशी सांगायचे. माझं लग्न ठरवायला ते आमच्या घरी आले होते, तेव्हा निघताना फाटकापाशी सासूबाईंच्या कानाला लागून म्हणाले, "पोरगी तोंडाची फटकळ आहे. गिरणीत अशीच पाहिजे." आत माझ्या आजीनंही ते ऐकलं, आणि ती ठार बहिरी होती.

गिऱ्हाईकानं डबा ठेवला की ते आधी गव्हाचा दाणा दाताखाली धरायचे. मग विचारायचे, "कुठल्या रानातला?" शहरातल्या बाईला काय ठाऊक कुठल्या रानातला, ती म्हणायची, दुकानातला. दादांचा चेहरा उतरायचा. पण कुणी खेड्याकडून आलेलं भेटलं की, मागे रांग लागलेली असली तरी त्याला धरून बसायचे. पाऊस कसा आहे, पेरण्या झाल्या का, विहिरीला पाणी किती. स्वतःच्या गावी जायचं मात्र राहून जायचं. दर वर्षी म्हणायचे, येत्या सुगीला चार दिवस जाऊन राहू. पण सुगीतच गिरणी सगळ्यात जास्त चालते. घरोघर वर्षाचा गहू येऊन पडतो, डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. अशा वेळी गिरणी सोडून कोण जाणार? मग धाकटा भाऊच सुगी झाली की एक पोतं घेऊन यायचा. त्या पट्टीतला गहू. तो दादा स्वतः दळायचे, दोन्ही हात पिठाच्या धारेखाली धरून, आणि त्या दिवशी ते ओरडत नसत.

टाकी लावायला बसायचे तेव्हा म्हणायचे, "चला, नांगरट करून घेऊ." सासूबाई समोर बसून दगड फिरवून द्यायच्या, फुंकून भुकटी उडवायच्या. आमच्याकडे वरचा दगड फिरतो आणि खालचा बसून असतो. मी सासूबाईंना चिडवायचे की, घरातही तसंच आहे, दादा फिरतात आणि तुम्ही बसून दळता. त्या हसायच्या. तेव्हा त्या हसायच्या.

माझ्या नवऱ्याला टाकी येत नाही. दादांनी एकदा त्याच्या हातात छिन्नी दिली होती, त्यानं दगडाचा टवका उडवला, आणि दादांनी छिन्नी परत घेतली. "तुझा हात जड आहे रे," म्हणाले. माणूस स्वभावानं इतका हलका की कुणाशी भांडत नाही, आणि हात जड. मी त्याला म्हटलं, "मग टाकीवाल्याला बोलवू. इकडच्या सगळ्या गिरण्यांना तोच लावतो."

"आईला विचार," नवरा म्हणाला.

"तुझी आई आहे."

"म्हणूनच म्हणतो, तू विचार."

मी विचारलं नाही. सरळ बोलावलं. टाकीवाला दुपारी आला, खांद्यावर गोणपाटाची झोळी, भुवईवर खडी उडाल्याची जुनी खूण. आल्या आल्या त्यानं फिरत्या दगडाला कान दिला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हा दगड ओरडतोय," तो सासूबाईंना म्हणाला. "कधीपासूनची टाकी आहे?"

"यांनी लावलेली आहे."

"ते कळलं. पण आता संपली ती. तासाभराचं काम आहे, लावून देतो."

"नको."

"दादा माझे मित्र होते. फुकट लावतो."

"फुकट नको, विकत नको. पाणी घ्या आणि जा."

टाकीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे. "वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "दगडाला काय कळतंय, कुणाचा हात होता ते."

"मला कळतं ना," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं पाणी घेतलं नाही. झोळी उचलून गेला. मला त्या दिवशी सासूबाईंचा राग आला, खरंखुरा, चांगला चरचरीत राग. मेलेल्या माणसाच्या खुणा जपायला लोक फोटो ठेवतात, चपला ठेवतात. ज्याच्यावर चार माणसांचं, आता तीन माणसांचं पोट आहे तो दगड कुणी जपून ठेवतं का? रात्री भांडी घासताना मी भांड्यांवर राग काढला. सासूबाई बाहेर बसून ऐकत होत्या.

सुगी आली. नवा गहू घरोघर येऊन पडायला लागला, आणि आमच्या दारात रांग लागली नाही. रस्त्याच्या टोकाला एक नवी गिरणी झाली होती, चकचकीत, टाइल्स लावलेली. तिथं बसायला बाक होता आणि पंखाही होता. आमची जुनी गिऱ्हाइकं आमच्याच दारावरून तिकडे जायची. जाताना डब्यावर टॉवेल टाकायची, जणू आत काही चोरीचं आहे. शाळेतल्या बाई तर पलीकडच्या फुटपाथवरून मान खाली घालून जायच्या. दादा असताना ह्याच बाई दळण होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून उभ्या राहायच्या, आधीच्या माणसाचं मूठभर पीठ आपल्या डब्यात येतंय की काय म्हणून. मला वाटायचं, हाक मारावी. या की बाई, भांडायला तरी या.

जे येत होते ते भिडेखातर येत होते. त्यांचं पीठ चांगलं निघावं म्हणून नवरा काय करायचा, तर दगड आवळायचा. बाजूला एक चाक असतं, ते फिरवलं की दगड जवळ येतात आणि पीठ बारीक पडतं. बोथट दगडातून जाड भरडा पडायला लागला की तो चाक पाव फेरा आवळायचा. दुसऱ्या दिवशी आणखी पाव. मोटर कण्हायला लागायची, पट्टा घसरायचा, मी पट्ट्याला राळ लावायचे. पीठ बारीक पडायचं खरं, पण इतकं गरम की डब्याला हात लावता यायचा नाही. संध्याकाळी नवऱ्याचे दंड भरून यायचे. मी तेल लावून चोळून द्यायचे आणि तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "दादा एका बोटानं चाक फिरवायचे."

सासूबाई स्टुलावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना वाटत होतं, टाकी लावली नाही म्हणजे घाव राहिले. आम्हालाही तसंच वाटत होतं. तीन मोठी माणसं, जन्म गिरणीत गेलेला, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग एके दिवशी सकाळी गिरणी अडकली. कुणीतरी पुरता न वाळलेला नवा गहू आणला होता. ओला गहू तापल्या दगडात गेला आणि त्याचा चिकट लगदा झाला. मोटर गुरगुरली आणि थांबली. पट्टा जागच्या जागी घसरत राहिला, रबराचा वास सुटला. नवऱ्यानं धावत जाऊन बटण बंद केलं. आता दगड उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे सासूबाईंनाही दिसत होतं. त्या फक्त म्हणाल्या, "साफ करा. नुसतं साफ करा."

आम्ही चाडं उतरवलं. पहार घालून वरचा दगड उचलला, खाली लाकडाची ढलपी सारली, पुन्हा पहार, पुन्हा ढलपी. शेवटी दोघांनी मिळून तो जुन्या टायरवर उताणा केला. मी ओल्या फडक्यानं लगदा पुसून काढला आणि बाजूला झाले.

सासूबाई पुढे आल्या. वाकून बघितलं. मग खाली बसल्या आणि दगडावर तळवा फिरवला, मधून कडेकडे, कडेवरून पुन्हा मध्ये. घरातल्या फरशीसारखा गुळगुळीत होता तो. मधल्या भोकापाशी मात्र थोडे घाव उरले होते, दादांचे ते आखूड, तिरपे, एकाला एक लागून असलेले घाव. बाकी काहीच नव्हतं. आवळून आवळून आम्ही दगडावर दगड घासला होता आणि जे राखायचं होतं तेच पुसून टाकलं होतं.

"कुठे गेले?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्यानं सांगायला सुरुवात केली, चाक आवळल्यामुळे असं होतं, आणि मध्येच गप्प बसला. सासूबाई उरलेल्या घावांवर बोट टेकवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील, आणि बरं वाटलं. दादा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. पण त्या उठल्या, भिंतीला टांगलेलं कुलूप हातात घेतलं आणि म्हणाल्या, "झाका तो. आता दळायचं नाही."

"म्हणजे आज?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे दळायचंच नाही. एवढे तरी राहू देत."

मी म्हटलं, "आई, आणि खायचं काय?"

"तू फटकळ आहेस ते ह्यांना आवडतं," त्या म्हणाल्या. "मला आज नको."

दादांबद्दल त्या अशाच बोलायच्या. ह्यांना आवडतं, ह्यांना चालत नाही, हे रागावतील. आम्ही कुणी त्यांचं बोलणं दुरुस्त करत नव्हतो.

गिरणी बंद झाल्यावर कळलं की, आमचं घर किती ओरडून बोलतं. घरघर थांबली होती आणि आमचे आवाज तसेच. नवरा "चहा आहे का?" म्हणाला की मी दचकायचे. मग आम्ही हळूहळू गप्पच राहायला लागलो. नवरा गोदामात पोती उचलायला जायला लागला, ज्या कामातून दादा वर आले त्याच कामात. संध्याकाळी यायचा तेव्हा मानेवर पोत्याच्या काथ्याचे वळ असायचे. घरातलं पीठ संपलं, तेव्हा तो डबा घेऊन रस्त्याच्या टोकाच्या गिरणीत गेला. गिरणीवाल्याचा मुलगा दुसऱ्याच्या गिरणीत रांगेत उभा. त्यानंही डब्यावर टॉवेल टाकला होता. आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. बाकावर जागा दिली."

त्या पिठाच्या मी पोळ्या केल्या, सासूबाईंना वाढल्या. त्यांनी निमूट खाल्ल्या. पीठ चांगलं होतं, ह्याचंच वाईट वाटलं. मला दादांची इतकी आठवण आली की ताट घेऊन मी मागच्या दारात जाऊन बसले. ते असते तर ओरडले असते, कुणाचं पीठ आहे हे, ह्याला चवच नाही, आणि आम्ही खोटं खोटं हो म्हटलं असतं. मला तो ओरडा हवा होता. दुसरं काही नको होतं.

आणि मग काका आले.

काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, ती पट्टी कसणारे. दोन बस बदलून आलेले, पाठीवर पोतं, पायात फुफाटा. दादांसारखेच दिसतात, फक्त उन्हानं काळे पडलेले आणि अबोल. दादांनी घरातलं सगळं बोलणं वापरून टाकलं, काकांसाठी काही शिल्लकच राहिलं नाही, असं सासूबाई म्हणायच्या. काकांनी पोतं गिरणीच्या दारात टेकवलं आणि कुलपाकडे बघितलं.

"गावाला गेलं होतं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बंद आहे."

"मोटर गेली?"

सासूबाई बाहेर आल्या. "बसा भाऊजी. पाणी घ्या."

काकांनी पाणी घेतलं. घाम पुसला. मग ते पोत्याचं तोंड सोडायला लागले. "या वर्षी दाणा भरला चांगला," ते म्हणाले. "यायचं की नाही, विचार करत होतो. बायको म्हणाली, दादा नाही तर आता कशाला. म्हटलं, पट्टी दादाचीच आहे. पहिलं पोतं तिथंच दळायचं."

त्यांनी मूठभर गहू काढून सासूबाईंच्या हातात ओतला. टपोरा, लालसर गहू. सासूबाईंनी तो तळहातावर हलवला. त्यातला एक दाणा काकांनी उचलला, तोंडात टाकला आणि दाताखाली फोडला.

"दळून घेऊन जाईन म्हणतो थोडं," काका म्हणाले. "बाकीचं तुम्हाला. दर वर्षीसारखं."

"दगड बोथट झालेत, काका," माझा नवरा म्हणाला. "करपेल."

"मग टाकी लाव."

नवरा आईकडे बघायला लागला. काकांनीही बघितलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि आमच्यात सांगण्याची छाती नव्हती. मी मनात म्हटलं, आता ह्या माणसालाही पाणी पाजून परत पाठवतील, पोत्यासकट, टाकीवाल्यासारखं. रस्त्याच्या टोकाला घेऊन जा म्हणतील. दादांच्या पट्टीतला गहू टाइल्सच्या गिरणीत.

सासूबाईंनी गव्हावर मूठ मिटली. मग त्यांनी तो पुन्हा पोत्यात सोडला, हात झटकले आणि मला म्हणाल्या, "किल्ली खुंटीला आहे. छिन्नी वरच्या फळीवर, मागच्या बाजूला. धार असेल, धार लावूनच ठेवतात."

"कोण लावणार?" मी विचारलं.

"मी."

"तुम्ही कधी लावलीय, आई?"

"समोर बसून बघितलीय. आयुष्यभर आणखी काय केलं मी?"

दगड उचलायला आता तिघं होतो. काकांनी पहार धरली. दगड टायरवर उताणा झाला, तशा सासूबाई दादांच्या जागेवर बसल्या आणि त्यांच्या स्वतःच्या जागेवर, समोर, मी. डोक्याला त्यांनी रुमाल बांधला, डोळे किलकिले केले. पहिला घाव घातला तेव्हा छिन्नी सटकली आणि बोटाला लागली. त्यांनी बोट तोंडात घातलं, बाहेर काढलं, दुसरा घाव घातला. तो बसला. तिसरा भलतीकडेच गेला.

"तिरपी धरा," नवरा म्हणाला.

"तुझा हात जड आहे, तू बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

हळूहळू ठोका लागला. आवाज मात्र दादांचा नव्हता. दादांचा सलग यायचा, हा थांबून थांबून, एक जोरात, दोन हलके. कडेपासून सुरू करून त्या आत आत येत होत्या. मी दगड फिरवत होते, भुकटी फुंकत होते. दगडाची भुकटी त्यांच्या भुवयांवर, ओठांवर, बांगड्यांवर बसली. मनगट दुखलं की त्या हातोडी खाली ठेवून हात झटकायच्या आणि पुन्हा उचलायच्या. काका दारात बसून होते. दुपार कलली, उन्हाची तिरीप दगडावरून सरकून भिंतीवर गेली. रस्त्यानं जाणारी कंडक्टरीण आवाज ऐकून दारात थांबली आणि आत बघत उभी राहिली.

शेवटी मधलं भोक आलं. भोवती दादांचे ते थोडे घाव होते. सासूबाई थांबल्या. मला वाटलं, तेवढे सोडतील. सोडले असते तर चाललंही असतं. तिथं गहू नुसता फुटतो, दळला जातो तो कडेला. मी तसं म्हणणार होते.

"अर्धवट टाकी लावलेली ह्यांना खपत नाही," त्या म्हणाल्या, आणि छिन्नी टेकवली.

तेवढं काम त्यांनी सगळ्यात सावकाश केलं. मग खालच्या दगडाला लावली, त्याला आणखी वेळ गेला. झाल्यावर पाठ सरळ करता येईना, म्हणून भिंतीला टेकल्या. डोळ्यांत भुकटी गेल्यामुळे सारखं पाणी येत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बघ गं, ह्यांचा एखादा घाव राहिला का कुठे?"

मी दोन्ही दगड नीट बघितले. वाकडेतिकडे, कुठे दाट कुठे विरळ, सगळे त्यांचेच घाव होते. हो म्हणणं सोपं होतं. पण मला घरात घेतलं होतं ते खरं बोलते म्हणून.

"नाही राहिला, आई," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "बसवा दगड."

टाकीनंतर आधी कोंडा दळतात, म्हणजे खडी निघून जाते. तो दळला आणि फेकला. मग नवऱ्यानं काकांचा गहू चाड्यात ओतला. मोटर सुरू झाली, पट्टा चढला, आणि किती दिवसांनी घराची भिंत हलायला लागली. सासूबाई स्वतः चाकापाशी उभ्या होत्या. नळीतून पीठ पडायला लागलं तसा काकांनी हात पुढे केला, चिमूट घेऊन बोटांत चोळली.

"जाड आहे," काका ओरडून म्हणाले. त्या घरघरीत तेही ओरडायला लागले होते.

सासूबाईंनी चाक थोडं फिरवलं. "आता?"

काकांनी पुन्हा चोळली. "बरं आहे. दादाचं याहून बारीक असायचं."

"असणारच. माझा आज पहिला दिवस आहे."

पीठ गार होतं. म्हणजे कोमट, पण तापलेलं नाही. काकांनी दोन्ही हात धारेखाली धरले, पीठ उडून त्यांच्या काळ्या चेहऱ्यावर, केसांवर, भुवयांवर बसलं, आणि ते मान वर करून आमच्याकडे बघायला लागले. दादांचाच चेहरा होता तो. नवऱ्यानं पाठ फिरवली. सासूबाई चाकावरचा हात न काढता त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी, जणू काका गावाहून आत्ताच आले आहेत आणि त्यांना काही माहीत नाही, अशा आवाजात सांगितलं, "भाऊजी, तुमचा भाऊ गेला हो."

काका दादांना खांदा देऊन गेले होते. तरी ते म्हणाले, "कधी?"

"हिवाळ्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. चाड्यात गहू होता, तो संपेपर्यंत गिरणी थांबवता येत नव्हती. त्या तशाच चाक धरून, मोठ्यांदा, घरघरीच्या वर आवाज काढून रडत राहिल्या, आणि मी खाली दुसरा डबा लावला.